सेवक होऊन पुढे कसं चालायचं? नवीन जबाबदारी घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

इंदूरला आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर वर्षी नवीन कमिटी बसली की पुढचे दोन-तीन महिने मला तेच तेच प्रश्न येतात, कुणी उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी गाठतं, कुणी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर लांबच्या लांब व्हॉइस नोट टाकतं, आणि मी दर वेळी तेच वेगळ्या शब्दांत सांगत बसते. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी पाळक, म्हणजे पास्टर, नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही, संडे स्कूल सांभाळता सांभाळता कमिटीत आले आणि सेक्रेटरीचं काम गळ्यात पडलं ते बरीच वर्षं केलं. तेव्हा इथे जे आहे ते थोडं बायबलमधलं आणि थोडं मंडळीच्या मागच्या अंगणातलं.

सेवक-नेतृत्व, सेवक-नेतृत्व म्हणतात ते नक्की काय? सोप्या भाषेत सांगा ना.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायापासून सुरू करा. याकोब आणि योहान, जब्दीचे मुलगे, येशूच्या बारा शिष्यांतले दोघे, येशूकडे जाऊन म्हणतात की तुझ्या गौरवात एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. मत्तयात तर त्यांची आईच ही शिफारस घेऊन येते. बाकीचे दहा जण हे ऐकून भडकतात, आणि मला तरी वाटतं ते काही फार नम्र होते म्हणून नाही भडकले, आपला नंबर आधी का नाही लावला म्हणून भडकले. आपल्याकडे कमिटीच्या निवडणुकीत होतं तसंच. मग येशू सगळ्यांना जवळ बोलावून सांगतो की बाहेरच्या जगात अधिकारी लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं चालणार नाही, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं आणि ज्याला पहिलं व्हायचंय त्याने सगळ्यांचा दास व्हावं. आणि लगेच स्वतःचं सांगतो, की मी सेवा करून घ्यायला आलो नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो.

तिथे सेवक म्हणून जो मूळ ग्रीक शब्द आहे, दियाकोनोस, तो ताटात वाढणाऱ्या माणसालाही वापरतात. मंडळीतला सेवेकरी, आपला ‘डीकन’, तिथूनच आला. म्हणजे पंगतीत बसलेला नाही, वाढणारा. आता वाढणाऱ्याकडे अधिकार नसतो असं थोडीच आहे, भांडं त्याच्याच हातात असतं, कुणाच्या पानात किती पडणार ते तोच ठरवतो. फक्त तो जेवतो शेवटी, आणि भाजी कमी पडली तर ती त्याला कमी पडते.

माझी व्याख्या विचाराल तर एवढीच आहे. कुठलाही निर्णय घेताना स्वतःला विचारायचं, ह्याची किंमत कोण भरणार? मी भरणार का माझ्या हाताखालचे? पुढची सगळी उत्तरं ह्या एका प्रश्नाभोवतीच फिरतील, आधीच सांगून ठेवते.

म्हणजे लीडरने खुर्च्या उचलायच्या, झाडू मारायचा, एवढंच ना?

उचला, मारा, चांगलंच आहे. पण तेवढ्याने होत नाही.

पवित्र गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी होतो. योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे ना, येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळी हे काम घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं, रस्ते धुळीचे, पायात उघड्या वहाणा, पाय खरोखर घाणेरडे असायचे. एका वर्षी माझ्या लक्षात आलं की ज्या बारा जणांची नावं आम्ही आधी ठरवतो ते सगळे घरूनच पाय स्वच्छ धुऊन येतात, एकाने तर टाचेला क्रीम लावली होती, मस्त वास येत होता. पुढे बसून आपण स्वच्छ पायांवर पाणी घालतो आणि मोबाईलवर फोटो निघतात. त्याच वर्षी एक काका, ई-रिक्षा चालवतात, कुणीतरी आलं नाही म्हणून ऐन वेळी त्यांना बसवलं. ते सरळ ड्यूटीवरून आले होते. टाचांना भेगा, भेगांत काळं बसलेलं, आणि ते पाय मागे ओढत होते, नको नको म्हणत होते. पाळकसाहेबांनी हात धरला त्यांचा, पाणी दोनदा बदललं, अंगठ्याने हळूहळू भेगा साफ केल्या, चांगली पाच-सात मिनिटं गेली आणि मागे गाणं संपून गेलं तरी ते धुतच होते. तेव्हा मला येशूचा शिष्य पेत्र कळला, “माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस” असं तो का म्हणाला ते.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, येशूच्या त्या बारा शिष्यांत यहूदा पण होता. विश्वासघात करायला तो बाहेर गेला तो पाय धुऊन झाल्यावर.

तर झाडू मारताना फोटो हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग तो, जिथे कुणी बघत नाही आणि समोरचा आपल्या विरोधात मत देणारा आहे.

किंमत कोण भरणार, हे बायबलमध्ये कुठे आहे?

माझी आवडती गोष्ट इस्राएलच्या दावीद राजाची आहे, २ शमुवेल २३. लढाई चाललीय, बेथलेहेमात पलिष्ट्यांचं ठाणं, आणि दावीद सहज बोलून जातो की बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचं पाणी मला कोण पाजेल! त्याने हुकूम नाही दिला, नुसतं बोलला. तिघे वीर शत्रूची छावणी चिरून गेले आणि पाणी घेऊन आले. दावीद ते प्यायला नाही. परमेश्वरापुढे ओतून टाकलं, म्हणाला हे पाणी नाही, ह्या माणसांचं रक्त आहे.

इंदूरमध्ये एक दिवसाआड नर्मदेचं पाणी येणाऱ्या घरातल्या माणसाला पाणी ओतणं काय असतं ते सांगायला नको. पण मला त्यात जे टोचतं ते हे, की लीडर नुसता सहज बोलला तरी लोक धावतात. “अरे तो बॅनर जरा मोठा असता तर बरं झालं असतं” म्हटलं की कुणीतरी पोरगा रात्री दहाला जेल रोडवर प्रिंटवाल्याकडे पळतो. आपल्या सहज बोलण्याचं पण बिल कुणीतरी भरतं.

तुमच्याकडून कधी चूक झाली का?

झाली, आणि चांगली लक्षात राहण्यासारखी झाली.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, आमची पहाटे पाचची उपासना असते. एक वर्षी मीटिंगमध्ये मी उत्साहाने सुचवलं की उपासनेनंतर सगळ्यांना पोहे देऊ, बाहेरून मागवले तर खर्च होतो तर आपल्या बायकाच करतील, प्रेमाचा नाश्ता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी नाही म्हटलं नाही आणि मी समजले सगळ्यांना पटलं. सव्वाशे लोकांचे आठ-नऊ किलो पोहे, हिशोब मी कागदावर दोन मिनिटांत केला. पण तेवढे कांदे कोण चिरणार, किती वाजता उठणार, आणि पाच वाजता उपासना असताना ह्या बायका कुठे असणार, हे त्या कागदावर नव्हतं.

त्या पहाटे मी पुढच्या रांगेत नीट साडी नेसून बसले होते, शास्त्रपाठ माझाच होता, मार्क सोळा, मरिया मग्दालिया आणि याकोबाची आई मरिया आणि शलोमे सुगंधी द्रव्यं घेऊन पहाटे कबरेकडे जातात तो. मी वाचला, आवाज पण छान लागला. उपासना झाली, लोक पोहे-जिलबी खात होते, सेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) इकडून तिकडे फिरत होतं, सगळे खूश. मी प्लेट ठेवायला मागे गेले तर नळापाशी एक काकू, साठीच्या पुढच्या, पदर खोचून उकिडव्या बसून कढईचं करपलेलं बूड काथ्याने घासत होत्या. अडीचला उठलेल्या, चारला मुलाच्या स्कूटरवर मागे भिजवलेल्या पोह्यांचं पातेलं मांडीवर धरून आलेल्या. बोटं पाण्याने पांढरी पडली होती आणि नखांत हळद. वर न बघता मला म्हणाल्या, “आज शास्त्रपाठ कुठला होता गं? गॅसच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही.”

मला सांगता आलं नाही पटकन.

वर्षातली सगळ्यात मोठी उपासना चार बायकांची माझ्यामुळे बुडाली आणि नाव मात्र प्रेमाच्या नाश्त्याचं. मी त्या दिवशी भांडी घासली त्यांच्याबरोबर, पण ती काही भरपाई नव्हे. पुढच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही माझी चूक होती, न विचारता दुसऱ्यांची झोप आणि उपासना मी खर्च केली. आता कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याला आदल्या दिवशी ऑर्डर जाते, पैसे कमिटीचे लोक आपसात काढतात, आणि चहा तरुण संघाची मुलं करतात उपासना झाल्यावर, थोडा उशीर होतो, होऊ द्या.

सेवक झालं की लोक डोक्यावर बसतात. मग काम कसं करून घ्यायचं?

हा प्रश्न बहुतेक दादा लोकांचा असतो. बघा, पाय धुऊन झाल्यावर येशू असं नाही म्हणाला की मला गुरू म्हणू नका. तो म्हणाला तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच म्हणता, मी तो आहे, आणि तरी मी तुमचे पाय धुतले. अधिकार त्याने सोडला नाही, कशासाठी वापरायचा ते बदललं. ह्याच येशूने मंदिरातले सराफांचे चौरंग उलथवले, ह्यानेच पेत्राला सगळ्यांसमोर “सैताना, माझ्या मागे हो” म्हणून झापलं. मार्कच्या पहिल्या अध्यायात पेत्र त्याला शोधत येतो, की चला, सगळे तुम्हाला शोधताहेत, आणि हा म्हणतो आपण दुसऱ्या गावी जाऊ. म्हणजे गर्दीला चक्क नाही म्हणाला.

तेव्हा नाही म्हणा, चूक असेल तर स्पष्ट सांगा, ज्याने तीनदा शब्द पाळला नाही त्याच्याकडून काम काढून घ्या. मी फक्त दोन गोष्टी बघते, चार लोकांसमोर न सांगता आधी एकट्याला सांगितलं का, आणि ह्यात त्याचं किंवा मंडळीचं भलं आहे का नुसता माझा राग शांत होतोय. सगळ्यांना हो हो म्हणणारा लीडर तर उलट महाग पडतो, कारण त्याने दिलेला प्रत्येक हो शेवटी दुसऱ्या कुणालातरी निस्तरावा लागतो, बहुतेक वेळा त्याच त्या दोघा-तिघांना जे कधी तक्रार करत नाहीत.

बायका तर आधीच सेवाच करतात. त्यांना अजून काय सेवक व्हायला सांगायचं?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं.

येशूने सेवक व्हा हे कुणाला सांगितलं ते बघा. खुर्च्यांसाठी भांडणाऱ्या बारा पुरुषांना सांगितलं. ज्यांच्या हातात अधिकार होता किंवा येणार होता त्यांना. गरीब विधवेला त्याने असं प्रवचन दिलं नाही. आपण मात्र उलटं करतो, स्टेजवरून त्यागावर बोलतो आणि ऐकणारी सून सकाळी पाचपासून सगळ्यांचे डबे करून आलेली असते, तिला वाटतं माझंच काहीतरी कमी पडतंय. नका हो असं करू. ज्याच्याकडे नाही म्हणायची सोय नाही त्याच्या कष्टाला त्याग म्हणून मोकळं होता येत नाही.

मार्था-मरियेची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे, मार्था कामात गुंतलेली, तिची बहीण मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकतेय आणि येशू तिला तिथून उठवून स्वयंपाकघरात पाठवत नाही. पण मला योहान एकवीस जास्त जवळचं वाटतं. पुनरुत्थान झालेला प्रभू, तिबिर्याच्या समुद्राकाठी, रात्रभर मासे न मिळालेले शिष्य किनाऱ्याला येतात तर ह्याने आधीच कोळशाचा विस्तव पेटवून वर मासे ठेवलेले, भाकर पण आहे, आणि म्हणतो या, न्याहारी करा. मग खाऊन झाल्यावर पेत्राला मेंढरं सांभाळायचं काम देतो. आधी न्याहारी, मग जबाबदारी, आणि न्याहारी लीडरने केलेली. आमच्या मंडळीत पुरुषांनी नाताळच्या जेवणाची भांडी घासायला सुरुवात केली ती ह्याच अध्यायावर बोलणं झाल्यावर. पहिल्या वर्षी दोन पातेल्यांना डाग राहिले, बायकांनी काही बोललं नाही.

बायकांनी पुढे पण यायचं, बरं का. हिशोब, निर्णय, शास्त्रपाठ, सगळ्यात. वाढणाऱ्याच्या हातात भांडं असतं म्हटलं ना, ते भांडं त्यांच्याही हातात हवं.

घरचे वैतागलेत. मी देवाचं काम करतो आणि बायको म्हणते घराकडे बघा. त्याग तर करावाच लागतो ना?

दादा, तुमचा त्याग तुम्ही करा, वहिनींचा तुम्ही नका करू.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांचं लाडकं नाव, रेव्हरंड नारायण वामन टिळक. केवढा मोठा माणूस, त्यांची भजनं आपण अजून गातो. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलंत तर कळतं की टिळक हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेला देऊन मोकळे व्हायचे आणि संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं ही पंचाईत लक्ष्मीबाईंची. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला तो पण लक्ष्मीबाईंना अंधारात ठेवून, आणि त्यानंतरची ताटातुटीची वर्षं त्या बाईने कशी काढली ते वाचताना माझ्या पोटात कालवतं. मी टिळकांना लहान करत नाही, त्यांच्या मोठेपणाची अर्धी किंमत दुसऱ्याच खात्यातून गेली एवढंच म्हणतेय, आणि लक्ष्मीबाई पुढे स्वतःच्या पायांनी चालत प्रभूकडे आल्या, १९०० मध्ये, तो त्यांचा स्वतःचा निर्णय.

दुसरं, थकलात तर विश्रांती घ्या. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून रात्रीपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसायचा तेव्हा त्याचा सासरा इथ्रो म्हणाला हे बरं नाही, तू पण झिजशील आणि लोक पण. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, मोठं प्रकरण तेवढं तुझ्याकडे येऊ दे. सासऱ्याचं ऐकलं त्याने, ही पण नम्रताच आहे. आणि येशू वादळात होडीत उशाशी उशी घेऊन झोपला होता. एकट्याने सगळं ओढणारा माणूस त्यागी दिसतो खरा, पण बऱ्याचदा त्याला दुसऱ्यावर भरवसा ठेवायचा नसतो. हे मी माझ्यावरून सांगतेय.

पैशाचं काय? मानधन, प्रवासखर्च घेतला तर सेवा राहत नाही का?

राहते. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे हे वचनातच आहे, आणि पाळकाला उपाशी ठेवून त्याला त्यागाचे धडे देणारी मंडळी मला अजिबात पटत नाही.

पण नहेम्याचा पाचवा अध्याय एकदा वाचा. यरुशलेमेचा कोट बांधला तो नहेम्या. सुभेदार म्हणून त्याला जेवणाचा भत्ता मिळायचा हक्क होता, आधीच्या सुभेदारांनी लोकांकडून वसूल पण केला होता. ह्याने बारा वर्षं घेतला नाही. रोज दीडशे माणसं त्याच्या पंगतीला, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरं लागायची, तरी नाही घेतला, आणि कारण काय लिहिलंय तर लोकांवर आधीच कामाचा बोजा भारी होता. हक्क होता पण त्याने आधी लोकांच्या पाठीकडे बघितलं.

व्यवहाराचं म्हणाल तर अर्पणाची पेटी दोघांनी मिळून मोजायची, ते दोघे एकाच घरातले नकोत, रक्कम तिथल्या तिथे रजिस्टरमध्ये आणि दोघांच्या सह्या. प्रेषित पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेले पैसे एकट्याने नेले नाहीत, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, की नावाला बोट लागू नये, देवासमोर पण आणि माणसांसमोर पण. पौलाला जर साक्षीदार लागले तर आपल्याला लागतात म्हणण्यात कसला अपमान?

एक गट कायम नाराज असतो. आमच्याकडे कुणी बघतच नाही म्हणतात.

प्रेषितांची कृत्ये सहा. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या, कुरकुर सुरू झाली. प्रेषित म्हणू शकले असते की हे लोक तक्रारखोर आहेत. त्यांनी सात जण निवडायला सांगितले, आणि गंमत बघा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव, सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटपाच्या किल्ल्या त्यांच्याच लोकांच्या हातात गेल्या. आपण काय करतो, नाराज लोकांना समजावायला एक मीटिंग घेतो, चहा-बिस्कीट देतो आणि किल्ली आपल्याच खिशात.

मराठीत असं कुणी होऊन गेलं का, ज्यांच्याकडे बघून शिकावं?

पंडिता रमाबाई. (आणि नाही, फक्त त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून नाही.)

तरुणपणी उपासमारीच्या दिवसांत त्यांनी आई, वडील आणि मोठी बहीण गमावली होती. पुढे संस्कृत पंडिता म्हणून कलकत्त्यात मान, इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास, सगळं झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली आणि विधवा उपाशी मरताहेत, फसवल्या जाताहेत हे कळल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो जणींना घेऊन आल्या. हा मध्य प्रांत म्हणजे आपल्या आजच्या मध्य प्रदेशातलाच बराचसा भाग, म्हणून मला ते दूरचं वाटतच नाही. पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे त्या मुलींना नुसतं जेवू घालून कायमचं उपकाराखाली नाही ठेवलं, शेती, विणकाम, छापखाना, सगळं शिकवलं. आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत केलं, का, तर शिकलेल्यांची जड मराठी गरीब बाईला कळत नव्हती. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. त्यांच्याकडे विद्वत्ता होती, ती मिरवायला वापरली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

त्याग म्हणजे शेवटी जीव देणं का? एवढं आपल्याला कुठे जमणार?

जमेल का नाही ते आधीपासून ठरवता येत नाही. पण आपल्या इंदूरच्या अंगणातलं एक नाव माहीत असू द्या. सिस्टर राणी मारिया, मूळच्या केरळच्या, देवास जिल्ह्यात उदयनगर भागात आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या. बचत करा, सरकारी योजनेचा फॉर्म भरा, सावकाराच्या दारात जाऊ नका, अशी कामं, वरून बघितलं तर अगदी साधी. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या गेल्या, वय एक्केचाळीस. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्या पण सिस्टरच, जेलमध्ये जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच त्यांना धन्य (कॅथलिकांत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात तशी पद्धत नाही, तरी आमच्यातले बरेच जण त्या दिवशी गेले होते.

मला त्यांच्या मरणापेक्षा आधीच्या वर्षांबद्दल जास्त विचार करावासा वाटतो. उन्हातून पायी जाणं, बँकेच्या रांगा, तेच तेच फॉर्म. शेवटचा दिवस अचानक आला, पण त्याआधी रोज थोडं थोडं देऊन झालं होतं.

हे फक्त ख्रिस्ती लोकांतच असतं का?

इंदूरमध्ये राहून असं कसं म्हणू? अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ राज्य केलं आणि आज्ञापत्रं निघायची ती ‘श्रीशंकर आज्ञेवरून’, स्वतःचं नाव नाही. राज्य माझं नाही, मी सांभाळणारी आहे, ही समज त्यांच्याकडे होती आणि आम्ही राजवाड्यासमोरून जाताना मुलांना सांगतो पण. आमच्यासाठी फरक एवढा की आम्ही हे एका माणसाच्या मागे चालत शिकतो, जो वधस्तंभापर्यंत गेला, आणि आमच्याकडून जमत नाही तेव्हा त्याच्याकडेच परत जातो.

ऑफिसात सर्व्हंट लीडरशिपचं ट्रेनिंग झालं, तेच का हे?

चुलत भाऊ समजा. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाचे अमेरिकन गृहस्थ, बरीच वर्षं एटी अँड टी मध्ये नोकरी केलेले, त्यांनी १९७० मध्ये निबंध लिहिला तेव्हापासून हा शब्द कंपन्यांत फिरतोय. त्यांची कसोटी मात्र छान आहे, तुमच्या हाताखालची माणसं मोठी होताहेत का, जास्त शहाणी, जास्त मोकळी, आणि उद्या स्वतः सेवा करणारी? सुपर कॉरिडॉरवर टीम सांभाळणाऱ्या आमच्या एका मुलीने एवढंच सुरू केलं, चूक झाली की क्लायंटच्या कॉलवर ती स्वतः बोलते आणि काम चांगलं झालं की ज्याने केलं त्याला बोलायला देते. सहा महिन्यांत टीमचा सूर बदलला म्हणाली.

आणि आमचा लीडरच त्रास देत असेल, वर “नम्र हो, सेवा कर” म्हणून गप्प बसवत असेल तर?

तर ते सेवक-नेतृत्व नाही, त्याचं नाव वापरून केलेला जुलूम आहे, आणि सहन करत राहणं म्हणजे वधस्तंभ उचलणं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. यहेज्केल ३४ मध्ये देव त्या मेंढपाळांवर कडाडतो जे मेंढरांना चारायच्या ऐवजी स्वतःलाच चारतात. पेत्र पण वडीलजनांना सांगतो की कळपावर धनीपण गाजवू नका, कित्ता व्हा. दाविदाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्या राजासमोर उभा राहून म्हणाला, तो माणूस तूच आहेस.

एकटे जाऊ नका, एखाद्या शहाण्या माणसाला बरोबर घ्या, तारीख-वार लिहून ठेवा. पैशाची अफरातफर, मारहाण, लहान मुलाला किंवा कुठल्याही बाईला केलेला लैंगिक त्रास असेल तर तो मंडळीत मिटवायचा विषयच नाही, पोलिसांत जायचं, आणि मूल असेल तर पॉक्सो (मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या) कायद्याने कळवणं आपल्याला बंधनकारक आहे. मंडळीची बदनामी होईल म्हणून झाकलं तर किंमत कोण भरतंय? ते लेकरू.

पद कधी सोडावं?

आपल्यावाचून चालेल असं वाटायला लागलं की, आणि चालणारच नाही असं वाटायला लागलं तर त्याहून लवकर. मोशेने आपल्यामागून येणाऱ्या यहोशवाला लोकांसमोर उभं करून हात ठेवला, आपण जिवंत असतानाच. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणाला, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा.

मी सेक्रेटरीपद सोडलं तेव्हा नवीन मुलगी जेमतेम सव्वीसची होती, घाबरलेली. रजिस्टरं, बँकेचं पासबुक, पोहेवाल्याचा नंबर, कोणत्या आजीला गाडी पाठवावी लागते त्याची यादी, सगळं दिलं. दोन महिने मी मुद्दाम मागे बसले, तिने उपासनेचा क्रम बदलला तेव्हा जिभेवर आलेलं गिळलं. आणि स्टोअररूमची किल्ली देताना तिला दाराशी नेऊन दाखवलं की पावसाळ्यात हे कुलूप अडकतं, जोर नाही लावायचा, खोबरेल तेलाचा एक थेंब सोडायचा, किल्ली जरा वर उचलून धरायची आणि मग डावीकडे.